पडद्यावरचा राम आणि झाडूचा संप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव ऐकून मागच्या रांगेत दोघंतिघं हसले, ते मला दिसलं. हसा. कोर्टात अॅट्रॉसिटीच्या केसेस कुजतायत, स्कॉलरशिपचे पैसे अडकलेत, आणि हा माणूस टीव्हीच्या मालिकांवर बोलायला उभा राहतो म्हंजे काय? पण मी सासवासुनांच्या दागिन्यांवर बोलायला आलेलो नाही. मी एका संपावर बोलणार आहे.

१९८८ साल. पंजाबातलं जालंधर. दूरदर्शनवरची 'रामायण' मालिका संपायला आली होती नि शहरातल्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. मागणी पगारवाढीची नव्हती, कायम करण्याची नव्हती, हातमोज्यांचीही नव्हती. मागणी अशी, की मालिका इथं थांबवायची नाही, उत्तरकांड दाखवायचं. संप उत्तरेतल्या दुसऱ्या शहरांत पसरला. उकिरडे रस्त्यावर आले. रोगराईची भीती पडली तसं दिल्लीतलं सरकार हललं आणि पुढचे भाग मंजूर झाले.

ही हकीकत सांगितली की आपल्यातली शिकलेली पोरं कपाळाला हात लावतात. म्हणतात, बघा, गुलामाला बेडीचा लळा. ज्या रामानं शंबूकाची मान उडवली त्याच्या मालिकेसाठी भंगीवाड्यानं संप करावा! मला हे म्हणणं फार स्वस्त वाटतं. झाडू खाली ठेवणाऱ्या माणसाला काय हवं होतं ते आधी समजून घेऊ, मग त्याला हसू.

आज तुमच्या खिशात पडदा आहे, त्यामुळं तो काळ डोळ्यांपुढं आणायला थोडं जड जाईल. दूरदर्शनशिवाय दुसरं काही नाही, आणि दूरदर्शन म्हंजे सरकार. २५ जानेवारी १९८७, रविवार, सकाळी साडेनऊ. तिथून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी रामानंद सागरांचं 'रामायण'. अठ्ठ्याहत्तर भाग. रस्ते ओस पडायचे. लोक आंघोळ करून टीव्हीपुढं बसायचे. टीव्हीला हार, टीव्हीपुढं उदबत्ती, कुठं कुठं पडद्याला कुंकू. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात अर्धी वस्ती. आता दारात कोण, खाटेवर कोण नि जमिनीवर कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको.

रामायण आपल्या मुलखाला नवं नव्हतं. कीर्तनातला राम होता, दशावतारातला होता, ओवीतली सीता तर जात्यावर बसून दळणाऱ्या बाईइतकीच सोशीक नि तितकीच चिडलेली. मालिकेच्या सुरुवातीच्या पाट्यांवर वाल्मीकी, तुलसीदास, कंबन, कृत्तिवास, आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायण, अशी मोठी यादी यायची. यादी मोठी, पण आत गेल्यावर सगळे एकाच घाण्यातून काढलेले. ज्यांची रामकथा वेगळी, ते यादीतच नाहीत. बौद्धांच्या दशरथ जातकात राजा वाराणसीचा आहे, नि राम-सीता भाऊबहीण आहेत. ती कथा चूक की बरोबर हा वाद आज करायचा नाही. कथा होती, एवढंच. रोमिला थापरांनी १९८९ सालीच लिहून ठेवलंय, की सरकारच्या ताब्यातलं माध्यम एका कथेला साऱ्या देशाची कथा करतं तेव्हा बाकीच्या कथा मरायला लागतात. १९९३ साली 'सहमत' ह्या संस्थेनं अयोध्येत प्रदर्शन भरवलं, त्यात दशरथ जातकाचाही फलक होता. प्रदर्शनावर हल्ला झाला. सहा वर्षांपूर्वीपर्यंत जी गोष्ट पोथीत निवांत पडून होती, ती आता सांगणाऱ्याच्या अंगावर यायला लागली. मालिकेचा परिणाम मोजायचा असेल तर असा मोजा. किती लोकांनी पाहिली ह्याला फार अर्थ नाही. त्यानंतर काय सांगता येईनासं झालं, ते बघा.

आता परत जालंधरला जाऊ.

उत्तरेत सफाईच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेला मोठा समाज स्वतःला वाल्मीकी म्हणवतो. रामायण रचणारा तो आपला पूर्वज, आपला गुरू, असं तो मानतो. हे नाव त्यांना कसं चिकटलं, आर्य समाजानं त्याला किती खतपाणी घातलं, ह्यावर त्याच समाजात जन्मलेले नि बाबासाहेबांबरोबर काम केलेले भगवान दास यांनी परखड लिहिलंय. माणसं हिंदूंच्या गोटात राहावीत म्हणून दिलेलं नाव, अशी त्यांची मांडणी. मला ती पटते. पण नाव एकदा माणसाच्या अंगाला लागलं की ते त्याचं होतं, मग तो त्यासाठी भांडतो. आणि मालिकेनं काय केलं? रावण मेला, राज्याभिषेक झाला, संपलं. उत्तरकांड नाही. उत्तरकांड नाही म्हंजे वाल्मीकीचा आश्रम नाही, टाकून दिलेल्या गरोदर सीतेला आसरा देणारा म्हातारा नाही, लव-कुशांना शिकवणारा मास्तर नाही. ज्याच्या नावानं कथा चालली तोच कथेतून बाद. सगळ्या शहराचा मैला काढायचा आणि शहराच्या नकाशात आपली वस्ती नाही, ह्याची ज्यांना सवय, त्यांना हे बरोबर कळलं. त्यांनी संपादकांना पत्रं लिहीत बसण्यापेक्षा झाडू टाकला. सरकारला त्यांची एवढी एकच गोष्ट ऐकू येते.

मग पुढचे भाग आले. त्यात काय आलं ते बघा, कारण खरी मेख तिथं आहे. वाल्मीकी आला, मोठ्या सन्मानानं आला. पण सीतेला रामानं टाकली नाही, तिनं आपणहून जायचं ठरवलं, असं दाखवलं. आणि शंबूक आलाच नाही. उत्तरकांडात तप करणाऱ्या शूद्राचं डोकं राजा स्वतःच्या हातानं उडवतो, ती गोष्ट गाळली. म्हंजे संप करून कथेत जागा मिळाली, पण कथा लिहिणारा हात त्यांचाच राहिला. राम निर्दोष राहील एवढीच जागा आपल्याला मिळाली. दाराच्या आत घेतलं, नि तोंडावर बोट ठेवायला सांगितलं.

आणि झाडू? तो कुठंच गेला नाही. डोक्यावरून मैला वाहायला बंदी करणारा पहिला देशव्यापी कायदा आला १९९३ साली. तो पाळला गेला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून माणसं अजून मरतायत. मालिकेचे भाग मात्र लगोलग मंजूर झाले होते.

आता त्याच वर्षी आपल्या मुंबईत काय चाललं होतं? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्यानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड १९८७ साली काढला. वसंत मून संपादक. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम', नि त्याच्या परिशिष्टात राम आणि कृष्णाचं कोडं. बाबासाहेब तिथं साधे प्रश्न विचारतात. वाली झाडाआडून का मारला? सीतेशी असं वागणारा आदर्श कसा? शंबूकाचा गुन्हा कोणता? हे सगळं त्यांनी त्यांच्याच ग्रंथांतून काढलेलं. १९८८ च्या जानेवारीत रान पेटवलं गेलं. शिवसेना रस्त्यावर उतरली, प्रती जाळल्या गेल्या, सरकारनं खंड मागं घेतला. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला आपली माणसं मुंबईत उतरली. लाखांनी उतरली. भांडणारे, फुटलेले, एकमेकांची तोंडं न बघणारे गट एका मोर्च्यात चालले. खंड परत आला, परिशिष्टासकट आला. पण त्याखाली टीप आली, की ह्या प्रकरणातल्या मतांशी सरकार सहमत नाही.

जरा तारखा जुळवा. रविवारी सकाळी दिल्लीच्या सरकारचा राम घराघरात पडद्यावर, आणि इकडं महाराष्ट्रात रामाला प्रश्न विचारणारं पुस्तक आगीत. दोन्हीचा काही संबंध नाही असं कुणी म्हणेल तर म्हणो. मला तरी वाटतं, वर्षभर दर रविवारी ज्या चेहऱ्याला हार घातला त्या चेहऱ्याला कुणी प्रश्न विचारला, म्हणून लोकांचं माथं लवकर भडकलं. पोथीतल्या रामाला चेहरा नव्हता. जो तो आपल्या मनातला राम बघायचा. आता सगळ्यांचा राम एक झाला, अरुण गोविलसारखा दिसणारा, मंद हसणारा. चेहऱ्याचा अपमान होऊ शकतो. पुस्तकाच्या खाली टीप टाकायला लावणारे होते. मालिकेशी सरकार सहमत आहे का, हा सवाल मात्र त्या वेळी रस्त्यावर आला नाही.

त्याच जानेवारीत दूरदर्शनवर आणखी एक मालिका लागली. 'तमस'. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. फाळणीच्या दंगलीची गोष्ट. ती सुरू कुठून होते? नथू नावाच्या चांभारापासून. ओम पुरी. ठेकेदार त्याला पैसे देऊन डुक्कर मारायला लावतो, डॉक्टरला पाहिजे म्हणून सांगतो, आणि सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. दंगल वरचे घडवतात, हात आपल्या माणसाचा वापरतात, नि पुढं आयुष्यभर अपराधाची बोच त्याच्याच उरात. एवढं खरं तोवर पडद्यावर आलं नव्हतं. त्यावर लगेच कोर्टबाजी झाली. मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. पुढं सुप्रीम कोर्टानंही ती दाखवू दिली. तमस थोडेच भाग चालली, रामायण दीड वर्ष. हाही फरक लक्षात ठेवा. सवय लावायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ एकालाच दिला गेला.

आता राजकारण. इथं आपले काही भाई सरळ रेघ ओढतात, मालिका लागली नि मशीद पडली. एवढं सोपं नाहीये ते. जून १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत पडद्यावरच्या रामाला काँग्रेसनं प्रचाराला नेलं. मालिका तेव्हा चालू होती, लोक त्याच्या पाया पडत होते. काँग्रेसचा उमेदवार आपटला. विश्वनाथ प्रताप सिंग निवडून आले, आणि त्याच निवडणुकीत कांशीराम उभे राहून तिसरे आले, सगळ्या देशाचे डोळे वळतील एवढी मतं घेऊन. म्हंजे टीव्हीवर नमस्कार करणारा हात मतपेटीवर जाऊन वेगळा वागू शकतो. आपल्या लोकांना एवढं येडं समजू नका.

पण पीक दुसऱ्यानं कापलं. गावात वरच्या जातीचे एकमेकांना रामराम घालायचे नि आपल्या आज्यानं 'जोहार मायबाप' म्हणायचं. तरीसुद्धा रामराम हा नमस्कारच होता. मालिकेतल्या वानरसेनेच्या तोंडी 'जय श्रीराम' ही लढाईची आरोळी होती. तीच आरोळी पुढं रस्त्यावर आली. ९ नोव्हेंबर १९८९ ला अयोध्येत शिलान्यास झाला तेव्हा पहिली वीट मुद्दाम एका दलित कार्यकर्त्याच्या हातून, बिहारच्या कामेश्वर चौपालांच्या हातून, ठेवली. १९९० ला सोमनाथहून रथ निघाला. १९९१ ला पडद्यावरची सीता बडोद्याहून नि पडद्यावरचा रावण साबरकांठ्याहून, दोघं एकाच पक्षातर्फे लोकसभेत गेले. रावणसुद्धा! आणि ६ डिसेंबर १९९२. तारीख कुणाची आहे ते ह्या सभेत सांगायची गरज नाही. आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे होतो.

दरम्यान 'महाभारत' येऊन गेलं होतं. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, चौऱ्याण्णव भाग, संवाद राही मासूम रझा ह्या मुसलमान लेखकाचे. त्यातला कर्ण आपल्या वस्त्यांतल्या पोरांनी उचलला. भरसभेत सूतपुत्र म्हणून हाकललेला, गुण असून जात विचारली गेलेला. पोरं लाकडी तलवारी घेऊन कर्णच व्हायची, अर्जुन व्हायला कुणी तयार नसायचं. पण बघा, तोही शेवटी कुंतीचाच पोरगा निघतो. सूताच्या पोटी एवढा शूर जन्मूच शकत नाही, ही सोय कथेनं आधीच करून ठेवलीय. पोरांना ते तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तीस वर्षांनी तोच डाव परत. २०२० चा लॉकडाऊन. २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं. त्याच दिवशी दिल्लीच्या आनंद विहारला गावाकडं निघालेल्या मजुरांचा लोंढा उभा होता. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. वनवास पडद्यावरही होता, हायवेवरही होता. १६ एप्रिलच्या एका भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक मिळाले असा दूरदर्शनचा दावा. त्या दिवसांत रस्त्यावर झाडू घेऊन कोण होतं, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना घरातूनच ठाऊक आहे. आणि २०२४ साली पडद्यावरचा राम मेरठहून खासदार झाला. समोर समाजवादी पक्षाच्या सुनीता वर्मा होत्या, मेरठच्या माजी महापौर, दलित बाई, खुल्या मतदारसंघातून उभ्या. फरक फक्त साडेदहा हजार मतांचा. सदतीस वर्षांचा चेहरा नि एक आपली बाई, एवढी जवळ आली होती ती.

मग आपण काय करायचं, टीव्ही फोडायचा? काही जण म्हणतील, आपली मालिका काढायची. त्याबद्दल बोलतो, कारण तिथं मला आपल्या लोकांशीच भांडायचंय.

मालिका आपल्या बाजूनं काम करू शकते, ह्यात शंका नाही. ज्या काळ्या भावांकडून आपल्या चळवळीनं नाव घेतलं, त्यांच्या मुलखात जानेवारी १९७७ मध्ये 'रूट्स' लागली. ॲलेक्स हेलीच्या पुस्तकावरून, सलग आठ रात्री. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या कुंटा किंटेला चाबकाचे फटके मारून मालकानं दिलेलं नाव बोलायला लावतात, ते कोट्यवधी गोऱ्यांनीसुद्धा आपल्या घरात बसून पाहिलं. त्यानंतर काळी माणसं आपल्या वंशावळी शोधायला निघाली, मुलांना आफ्रिकन नावं ठेवायला लागली. पण ती काढणारे निर्माते गोरेच होते, नि हेलीच्या इतिहासात किती खरं नि किती रचलेलं, ह्यावर पुढं बरंच वादळ झालं.

आपल्याकडं २०१९ च्या मे महिन्यात स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मराठी मालिका आली. त्याच वर्षाअखेर हिंदीत दुसरी आली, आणि तीच २०२० मध्ये कन्नडमध्ये झी कन्नडवर लागली. कर्नाटकात काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. गावोगाव पोरांनी वर्गणी काढून मालिकेचे फ्लेक्स लावले. ज्या चावडीपुढनं आपल्या माणसानं चप्पल काढून जायचं, तिथं बाबासाहेबांचा फ्लेक्स! काही ठिकाणी ते फाडले गेले. वाहिनीच्या अधिकाऱ्याला मालिका बंद करा म्हणून धमक्यांचे फोन आले. मालिका थांबली नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला शाळेत पाणी वरून ओततात, हे संध्याकाळी जेवताना सवर्णांच्या घरात दिसलं, हे काही थोडं नाही. मी त्याला कमी लेखत नाही.

पण मालिका रोज पाहिलेल्या किती जणांनी 'जातिनिर्मूलन' उघडलं, ते मला हात वर करून सांगा. बघा. मालिकेला लहान भीम पाहिजे, रडणारी रमाई पाहिजे, भरून येणारं संगीत पाहिजे. रिडल्स लिहिणारे, हिंदू कोड बिलावर राजीनामा देणारे, पुण्यात गांधींसमोर बसून सौदा करावा लागलेले बाबासाहेब तिला जड जातात. जाहिरातवाले पळतात. मग हळूहळू पडद्यावरचा चेहरा, हार, उदबत्ती. हे कुठं पाहिलंय आपण? साडेनऊला, रविवारी.

शंबूक गाळणाऱ्यांना मी दोष देतो, तसा बाबासाहेबांच्या गोष्टीतून कोणता भाग गळतोय ते बघायला आपण बसलो नाही तर तो दोष आपल्याच गळ्यात येणार. पटकथा लिहायला आपली पोरं पाहिजेत, एडिटिंगच्या टेबलावर पाहिजेत, वाहिनीच्या ऑफिसात कागदावर सही करणारी पाहिजेत. ते होईल तेव्हा होईल. तोवर प्रेक्षक म्हणून तरी शहाणं व्हा, आणि जालंधरवाल्यांसारखं अडून बसायला शिका, फक्त मागणी एक पायरी वरची ठेवा. त्यांनी उत्तरकांड मागितलं. आपण शंबूकासकट उत्तरकांड मागू.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला इथंच जमायचं आहे. रिडल्सचं ते परिशिष्ट नि वाल्मीकीच्या उत्तरकांडातला शंबूकाचा भाग, दोन्ही शेजारी ठेवून मोठ्यानं वाचू. त्यानंतर 'तमस'चा पहिला भाग बघू, प्रोजेक्टरची सोय झालीय, पडद्याला एक पांढरी चादर कुणीतरी घरून आणा. पोरींनी आयांना घेऊन या. आणि मघाशी हसलेल्या त्या दोघांनी वाचनाची सुरुवात करायची आहे.

आता प्रश्न विचारा.